‘गॅसची गोळी द्या’ : छातीत दुखू लागल्यावर घरच्यांनी काय करावे

काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री नऊच्या सुमारास नागपूरच्या सक्करदऱ्यातील आमच्या औषधाच्या दुकानात एक पन्नाशीचे गृहस्थ आले, काउंटरच्या काचेवर एक हात टेकवून उभे राहिले आणि दुसऱ्या हाताची मूठ छातीच्या मधोमध फिरवत म्हणाले, “भाऊ, गॅसची गोळी द्या न एक. दुपारी सावजीत जेवलो, तेव्हापासून जळजळतंय.” आम्ही दुकानात स्वेटर घालून बसलो होतो आणि त्यांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. मी गोळी दिली नाही. त्यांना स्टुलावर बसवले, दुकानातल्या मुलाला १०८ ला फोन लावायला सांगितले आणि त्यांच्या घरचा नंबर विचारला. “गॅस झाला जी, दुसरं काही नाही,” असे ते ॲम्ब्युलन्समध्ये चढेपर्यंत म्हणत होते. ईसीजी निघाला तेव्हा हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी धमनी बंद झाल्याचे दिसले. ते वाचले, आजही दर महिन्याला औषधे न्यायला येतात. पण दुपारी दोन ते रात्री नऊ हे सात तास हातचे गेले ते गेलेच. निरोगी हृदयाच्या इकोमध्ये पंपिंगचा जो आकडा ५५ टक्क्यांच्या वर असतो, तो त्यांच्या कागदावर ३५ च्या पुढे सरकलेला नाही.

मी डॉक्टर नाही, औषधविक्रेता आहे. कोणाला कोणता उपचार द्यावा हे ठरवणे माझे काम नव्हे. परंतु काउंटरच्या या बाजूने इतकी वर्षे पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की हृदयविकारात सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो रुग्णालयात पोहोचण्याच्या आधी, घरात, ओसरीवर आणि आमच्यासारख्यांच्या दुकानात; आणि पुढे वर्षभराने जे बिघडते तेही बहुतेक वेळा घरीच, गोळ्यांच्या डब्यात बिघडते. म्हणून हे लेखन रुग्णापेक्षा त्याच्या घरच्यांसाठी अधिक आहे.

आधी आत काय घडते ते समजून घ्यावे, कारण ते समजले की घाई कशाची हे वेगळे सांगावे लागत नाही. मुठीएवढे, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे हृदय दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या स्थितीतही मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलते. पण डोक्यावर घागर घेऊन चाललेल्या पाणक्याला जसे त्यातले पाणी पिता येत नाही, तसे आपल्याच कप्प्यांत भरलेले रक्त हृदयाच्या स्नायूला वापरता येत नाही. त्याच्यासाठी महाधमनीच्या उगमापाशी दोन वेगळ्या धमन्या फुटतात, त्यातल्या डावीच्या पुढे दोन मोठ्या शाखा होतात, आणि या तीन वाटांवर सगळा कारभार चालतो. नळात गंज साचत साचत एक दिवस नळ बंद होतो, अशी या आजाराची कल्पना लोकांच्या मनात असते. ती स्थिर दुखण्यापुरती, म्हणजे जिना चढताना छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते त्या अँजायनापुरती ठीक आहे. झटका मात्र बहुधा निराळ्या तऱ्हेने येतो. धमनीच्या अस्तराखाली साठलेल्या चरबीच्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. ज्या ठिकाणी काल केवळ ४० टक्के अडथळा होता तिथेही हे घडू शकते. त्यामुळे “मागच्याच महिन्यात ईसीजी चांगला आला होता” हे वाक्य आज छातीत दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत कुचकामी आहे. वाट बंद झाल्यापासून साधारण अर्ध्या तासात स्नायू मरू लागतो आणि पुढचे काही तास मरत राहतो. मेलेला स्नायू परत येत नाही, त्या जागी वण उरतो.

आता ओळखावे कसे? छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखे किंवा कोणी दगड ठेवल्यासारखे वाटणे, ते दुखणे डाव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणे, सोबत गार घाम, मळमळ, धाप किंवा ‘आता काही खरे नाही’ अशी घालमेल, आणि हे सगळे पंधरा-वीस मिनिटे न थांबणे. रुग्णाला “कुठे दुखते?” असे विचारल्यावर त्याने एक बोट एका बिंदूवर ठेवले तर ते बहुधा स्नायूचे किंवा बरगडीचे असते, त्याने अख्खा तळवा किंवा मूठ छातीवर फिरवली तर सावध व्हावे. ही काही परीक्षेतली पक्की खूण नव्हे, पण मला तिने फारसे फसवलेले नाही. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखताही झटका येतो. नुसती धाप, उलटी, एकाएकी आलेला कमालीचा थकवा एवढेच दिसते, आणि घरातील बाईच्या बाबतीत तर “दिवसभर उभी होती, दमली असेल” म्हणून सगळेच झोपी जातात. नागपुरात मे महिन्यात आणखी एक घोटाळा होतो : घाम, चक्कर आणि मळमळ यांना ‘ऊन लागले’ म्हणून कांद्याचा रस आणि पन्हे दिले जाते. ऊन लागलेलेही असू शकते. तरी चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू यांपैकी काहीही असलेल्या माणसाला असे झाले तर ईसीजी काढल्याशिवाय तो उन्हाचा त्रास मानू नये.

पहिल्या दहा मिनिटांत करायचे ते थोडकेच आहे. रुग्णाला जिथे आहे तिथेच पाठीला आधार देऊन अर्धवट बसवावे, चालवू नये, दुसऱ्या मजल्यावर असेल तर जिना उतरायला लावू नये, खुर्चीत बसवून उचलून आणावे. १०८ ला फोन करावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून चालू आहे, विनामूल्य आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. दारात मोटार उभी असेल आणि रुग्णालय पाच मिनिटांवर असेल तर मोटारीने न्यावे, मात्र ती दुसऱ्याने चालवावी. स्कूटरवर दोघांच्या मध्ये रुग्णाला दाबून बसवून नेण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते ती अत्यंत धोक्याची आहे, कारण झटक्याच्या पहिल्या तासातच हृदयाची लय बिघडून माणूस अचानक शुद्ध हरपू शकतो. ॲस्पिरिनची सुमारे ३०० मिलिग्रॅमची मात्रा चावून खाल्ल्याने गुठळी वाढण्याला आळा बसतो. तिची ॲलर्जी, पोटातील रक्तस्राव किंवा मेंदूतील रक्तस्रावाचा इतिहास नसेल तर फोनवरील डॉक्टरला विचारून ती द्यावी. गिळू देऊ नये, चावायला लावावी, म्हणजे लवकर लागू पडते. जिभेखालच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीचे तसे नाही. ती रक्तदाब खाली आणते, आणि आधीच दाब घसरलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या खिशातली ती गोळी दिल्याने तो जागीच कोसळल्याचे मी पाहिले आहे. ज्याला डॉक्टरने ती लिहून दिली आहे त्यानेच, बसून घ्यावी. आणि पुरुषांच्या ताकदीची म्हणून विकली जाणारी सिल्डेनाफिलची गोळी मागील २४ तासांत किंवा टॅडालाफिलची ४८ तासांत घेतली असेल तर लाज बाजूला ठेवून तसे सांगावे, कारण यांपैकी कोणतीही गोळी आणि सॉर्बिट्रेट यांची गाठ जिवावर बेतते.

माणूस शुद्ध हरपून श्वास घेईनासा झाला, किंवा आचके दिल्यासारखा श्वास घेऊ लागला, तर त्याला कडक जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. बरगडी मोडेल ही भीती खरी आहे. मोडली तरी चालते. मोबाइलवर फिरणारा ‘जोरजोरात खोकत राहा’ हा सल्ला मात्र घरी उपयोगाचा नाही, आणि लिंबू, आले, लसूण व सफरचंदाचा सिरका उकळून केलेला काढा ब्लॉकेज उघडत नाही; आले-लसूण भाजीत उत्तम लागतात, तेवढे पुरे.

कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे झटका येण्याच्या आधी ठरवून ठेवण्याची गोष्ट आहे. प्रश्न एकच विचारायचा : रात्री दोन वाजता तुमची कॅथलॅब, म्हणजे बंद धमनी नळीने उघडण्याची खोली, चालू असते का, आणि हे काम, म्हणजे अँजिओप्लास्टी, करणारे डॉक्टर किती वेळात पोहोचतात? धंतोली आणि रामदासपेठेत खासगी रुग्णालयांची दाटी आहे, मेडिकलशी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी, संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे, मध्य नागपूरकरांना मेयो हे सरकारी रुग्णालय जवळ पडते. तरीही पाटी कितीही मोठी असली तरी वरील प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन घ्यावे आणि घरापासून सर्वांत जवळची दोन नावे कागदावर लिहून ठेवावीत. उमरेड, काटोल, रामटेककडच्या मंडळींनी थेट नागपूर गाठण्याच्या नादात वाटेतले ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय ओलांडू नये. कॅथलॅबपर्यंत दोन तासांत पोहोचणे शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या ठिकाणी आधी घेऊन मग पुढे निघावे, हीच जगभर मान्य असलेली रीत आहे. हे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत जितके काम करते तितके नंतर करत नाही, आणि ते घेऊन बरे वाटले तरी पुढच्या २४ तासांत अँजिओग्राफीसाठी नागपूरला यावेच लागते.

रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पहिला ईसीजी चांगला आला तरी दुखणे चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात, आणि स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन तपासतात. ते वाढायला काही तास लागू शकतात, म्हणून “एक रिपोर्ट नॉर्मल आला, चला घरी” अशी घाई करू नये. धमनी पूर्ण बंद असेल तर मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, फुग्याने वाट मोकळी करून तिथे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट बसवतात. आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरने १९७७ मध्ये झुरिकला पहिल्यांदा माणसाच्या हृदयाची धमनी अशी फुग्याने उघडली, तेव्हा रुग्ण जागा होता. आजही जागाच असतो. रुग्णालयाच्या दारातून आत आल्यापासून फुगा फुगेपर्यंत ९० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असे डॉक्टर मंडळी मानतात. या ९० मिनिटांतली वीस-तीस तरी घरच्यांच्या हातात असतात. “मोठे भाऊजी अमरावतीहून निघालेत, ते आल्यावर सही करू,” हे वाक्य मी माझ्याच मावसभावाच्या वेळी ऐकले आहे, आणि ते म्हणणाऱ्यांत मीही होतो. सही कोण करणार हेही आधीच ठरवून ठेवावे.

पैशाविषयी दोन गोष्टी सांगतो. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत एके काळी लाखाच्या पुढे लावली जात असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ती २९,६०० रुपयांवर बांधली आणि तेव्हापासून ही कमाल किंमत वेळोवेळी सुधारली जाते, म्हणून बिलात स्टेंटची किंमत आणि कंपनीचे नाव वेगळे लिहून मागावे. दुसरे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन दाखल होतानाच त्याला गाठावे, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

ज्यांना झटका आलेला नाही, पण तपासणीत ‘ब्लॉकेज’ निघाले आहे, त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि इथे घाईचा नियम उलटा होतो. ‘७० टक्के ब्लॉकेज’ हा आकडा ऐकून घर हादरते आणि त्याच टेबलावर स्टेंटला होकार दिला जातो. चालण्याने उमटणारे, विश्रांतीने थांबणारे आणि महिनोन्‌महिने तसेच राहिलेले दुखणे असेल तर स्टेंटने त्रास कमी होतो. मात्र नेटकी औषधे घेणाऱ्यांपेक्षा स्टेंट घातलेले अधिक जगतात, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा, अशक्त झालेले पंपिंग किंवा वाढत चाललेले दुखणे हे याला मोठे अपवाद आहेत. त्यामुळे डॉक्टरना नम्रपणे विचारावे की हा अडथळा कोणत्या धमनीत आहे, आज न केल्यास काय होईल, आणि औषधांवर तीन महिने पाहता येईल का. तिन्ही धमन्या बाधित असतील आणि मधुमेह असेल तर बायपास बहुधा अधिक टिकाऊ ठरते, म्हणून अशा वेळी शल्यविशारदाचेही मत घ्यावे. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

डिस्चार्जनंतरचा भाग माझ्या धंद्यातला आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. झटक्यानंतर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक, बहुधा वर्षभर एकत्र घ्यायच्या असतात. त्या मध्येच बंद केल्या तर नव्या स्टेंटमध्येच गुठळी धरते आणि असा दुसरा झटका पहिल्यापेक्षा घातक असतो. आमच्या गल्लीतल्या एका काकाजींनी दाढ काढायची म्हणून स्वतःच्या मनाने दोन्ही गोळ्या थांबवल्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा आयसीयूत गेले. दाढ असो, मोतीबिंदू असो, नाकातून थोडे रक्त आलेले असो; हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय या गोळ्या थांबवायच्या नाहीत.

मग येतात गुडघे. झटका येऊन गेलेला माणूस सहा महिन्यांनी काउंटरवर येतो आणि डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी मागतो. ही वेदनाशामके पुन्हा झटका येण्याचा धोका वाढवतात, अंगात पाणी धरतात, रक्तदाब वाढवतात, आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनचे काम बिघडवते. साधे पॅरासिटामॉल चालते. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेतल्यास क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो, त्याऐवजी पँटोप्राझोल बरे. आणि ज्यांचे पंपिंग कमी आहे त्यांनी सोड्याची फसफसणारी पावडर टाळावी, कारण तिच्यात सोडियम भरपूर असते.

सर्वांत जास्त गोंधळ नावांचा होतो. एका डॉक्टरने लिहिलेली ॲटोर्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी आणि दुसऱ्याने लिहिलेली, वेगळ्या कंपनीची, ॲस्पिरिन मिसळलेली ॲटोर्वास्टॅटिन अशा दोन पट्ट्या एकाच डब्यात निघतात आणि आजी दोन्ही श्रद्धेने घेत असतात. म्हणून पट्टीवरचे मोठे नाव न पाहता त्याखालचे बारीक अक्षरांतले औषधाचे नाव पाहावे, आणि एकच नाव दोन पट्ट्यांवर दिसले तर थेट दुकानात आणून दाखवावे. पट्टी अर्धी कापून नेऊ नये, कापली की मुदत आणि नाव दुसऱ्या अर्ध्यावर राहते. एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येऊ शकतो. तो आल्यास कफ सिरप मागत बसण्यापेक्षा डॉक्टरकडून गोळी बदलून घ्यावी. आणि कोलेस्टेरॉल खाली आले म्हणून स्टॅटिन बंद करू नये. ते गोळीमुळेच खाली आलेले असते.

नागपूरचा उन्हाळा हा या रुग्णांचा वेगळा विषय आहे. पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा, विशेषतः नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लघवीची गोळी आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे आणखी कमी होते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि कधी मूत्रपिंडांवर ताण येतो. एप्रिल लागतानाच डॉक्टरकडे जाऊन उन्हाळ्यापुरती मात्रा बदलायची का, हे विचारून घ्यावे. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी “उन्हाळा आहे, भरपूर प्या” हा पाहुण्यांचा सल्ला ऐकू नये. अशा रुग्णाने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या तर अंगात पाणी साठते आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे. औषधे स्कूटरच्या डिक्कीत किंवा पत्र्याच्या छताखालच्या फळीवर ठेवू नयेत.

खाण्यापिण्याविषयी सगळे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त करत नाहीत, म्हणून मी तिथे थांबत नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याविषयी मात्र बोललेच पाहिजे. “मी सिगारेट ओढत नाही” असे छातीठोक सांगणारा माणूस दिवसाला पाच पन्न्या खर्रा घोटून खातो आणि त्याला ते व्यसन वाटतच नाही. धूर नसला तरी निकोटीन तेच असते; ते नाडी वाढवते, रक्तदाब वाढवते, धमन्या आकसवते. स्टेंट घातल्यानंतर पहिल्या आठवड्यात, भीती ताजी असते तेव्हाच तो सोडवावा, आणि घरच्यांनी पानठेल्यावाल्यालाही तसे सांगून ठेवावे. माझ्या ओळखीच्या एका वहिनींनी हे खरोखर केले, आणि ठेलेवाल्याने ते पाळले.

लहान मुलांबाबत एक सूचना. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांनी एकामागून एक सांधे सुजू लागले आणि ताप आला तर ते केवळ वाढीचे दुखणे मानू नये. संधिवाताच्या या तापाने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी अनेक वर्षे द्यावे लागते. बिघडलेली झडप कधी कधी पुढे मुलीच्या गरोदरपणात धाप लागून उघडकीस येते.

शेवटी फाइल. एका पारदर्शक पिशवीत ताज्या ईसीजीची झेरॉक्स (मूळ कागदावरची अक्षरे कालांतराने उडतात), इकोचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची मात्रेसह यादी, ॲलर्जी, रक्तगट, शिधापत्रिका व आधार कार्डाच्या प्रती, ठरवलेल्या दोन रुग्णालयांचे आणि सही करणाऱ्याचे नाव व नंबर असावेत. ही पिशवी कपाटात कुलुपाखाली न ठेवता मुख्य दाराच्या मागे खिळ्याला अडकवावी, आणि घरातल्या सर्वांत लहान शाळकरी मुलालाही ती कुठे आहे हे दाखवून ठेवावे.